समोरचा फ्लॅट

“घरात बोलायला माणूस नाही गं, अक्का. तू समोर राहायला आलीस ना, तर बरं होईल मला.”

आई हे म्हणाली तेव्हा मी दारात एक पाय बुटात आणि एक बाहेर अशी उभी होते. गाडीची चावी विसरले म्हणून खालून परत वर आले होते. आई आणि मावशी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, मावशी डब्यातली शेंगदाण्याची चटणी बोटाने चाखत होती. चावी फ्रिजवरच्या टोपलीत, म्हणजे त्यांच्यापासून दोन हातांवर होती. मी बूट काढला, आत गेले, चावी उचलली. “आलीस का? चल, आम्ही निघालोच,” आई तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. मी ऐकलं असेल अशी तिला शंकाही आली नाही.

आमच्या घरात दोनच माणसं राहतात, आई आणि मी. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. म्हणजे घरात जे माणूस नव्हतं ते मी होते.

मावशी ही आईची थोरली बहीण. ती आणि काका तीस वर्षं मस्कतला होते. काका इंजिनियर, मावशी तिथल्या शाळेत बालवर्गाच्या बाई, मुलगा आता कॅनडात. गेल्या दिवाळीनंतर दोघं कायमचे परत आले, चिंचवडला महिन्याच्या बोलीने एक सामानासकट फ्लॅट भाड्याने घेतला आणि पुढे कुठे राहायचं ते शोधायला लागले. परभणीला त्यांचं आता कुणी उरलं नव्हतं. मुंबई त्यांना नको होती. आई इथे मोशीत होती, म्हणून हा भाग. काकांचा आवडता शब्द होता ‘ॲक्टिव्ह रिटायरमेंट’. पोहायला तलाव, सायकलला सपाट रस्ता आणि दहा मिनिटांत दवाखाना, अशा त्यांच्या अटी होत्या. मावशीची अट मला त्या दिवशी स्वयंपाकघरात कळली. आमच्या सहाव्या मजल्यावर, आमच्या बरोबर समोरचा फ्लॅट विकायला निघाला होता. आईला मावशी तिथे यायला हवी होती.

मला नको होती. आज हे सरळ लिहिता येतं. तेव्हा मी ते एका एक्सेल शीटमध्ये लपवलं होतं.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीची कागदपत्रं सांभाळते. आमच्या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. माझीही गुरुवारीच. म्हणून घरं बघायचा वार गुरुवार ठरला, गाडी चालवायला मी ठरले, आणि सगळ्या जागांचा तक्ता करायचं कामही आपसूक माझ्याकडे आलं. जागा, अंतर, दवाखाना, तलाव, हवा, शांतता, प्रत्येकाला दहापैकी गुण. काकांना तक्ता फार आवडला. “बघ,” ते मावशीला म्हणाले, “पोरीचं डोकं कसं स्वच्छ आहे.”

मावशीने चष्मा कपाळावरून खाली घेतला, माझा फोन हातात धरला आणि रकाने एकेक करून वाचले.

“यात बारकी कुठाय?” तिने विचारलं.

बारकी म्हणजे आई. अठ्ठावन्न वर्षांची, अंगाने चांगली जाड, गुडघ्यांना पट्टे बांधणारी माझी आई मावशीसाठी अजून बारकी होती. मी शेवटी एक रकाना वाढवला आणि त्याला ‘आई’ असं नाव दिलं. तो रकाना इतका अरुंद ठेवला, की फोनवर बघताना उजवीकडे सरकवल्याशिवाय दिसायचा नाही.

दोघी बोलायला लागल्या की मला ऐकत राहावंसं वाटायचं आणि उठून जावंसंही वाटायचं. आई माझ्याशी बोलते ती मराठी वेगळी आहे. ‘टिफिन घेतलास का’, ‘पोचलीस की मेसेज कर’, ‘एसी कमी कर, सर्दी होईल’. मावशी आली की तीच आई “काय करायलीस गं”, “कामून गं”, “जाऊ दे की माय” असं बोलायची आणि मधूनच तोंडावर पदर धरून हसायची. मला शाळेत घातलं तेव्हा तिने ती बोली माझ्यापुढे बंद केली होती. माझ्या शाळेत मराठी बोललं की वर्गाच्या वहीत नाव लिहायचे. आईला वाटलं, इंग्रजी तर आपल्याला येत नाही, निदान आपलं परभणीचं बोलणं तरी पोरीच्या तोंडी लागू नये. मग ती माझ्याशी जपून बोलायला लागली, आणि मी तिच्याशी मोजकं. त्यात कुणाची चूक होती असं नाही. पण मावशीसमोर तिचं हसणं ऐकलं की वाटायचं, ही बाई एवढी वर्षं या घरात होती, आणि मला कुणी सांगितलं नाही.

गुडघ्यांचंच घ्या. दोन वर्षं मी आईला व्यायामाचे व्हिडिओ पाठवत होते. ती “बघते” म्हणायची. डॉक्टर म्हणाले होते की पाण्यातला व्यायाम चांगला, तर मी चौकशी करून आले होते. ती म्हणाली होती, “या वयात काय गं ते.” मावशी आल्यावर आठ दिवसांत आई सकाळी सहाला इमारतीला फेऱ्या मारायला लागली. पंधरा दिवसांनी मी कामावरून आले तर पलंगावर एक पिशवी होती आणि तिच्यात गुडघ्यापर्यंतचा, पूर्ण बाह्यांचा, गडद निळा पोहायचा पोशाख.

“अक्काने घ्यायला लावला,” आई म्हणाली. तिने तो अंगाला लावून आरशात पाहिलं. “कशी दिसेन गं?”

“चांगली,” मी म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

मावशीचं सगळंच मला दिसायचं. तिचे पांढरे कॅनव्हासचे बूट, मानेपर्यंत कापलेले आणि मुद्दाम न रंगवलेले केस, रस्ता ओलांडताना आईच्या पाठीवर सहज ठेवलेला तिचा हात. माझा हात असा सहज कुठे जात नाही. आईला औषध देताना मी गोळी तिच्या तळहातावर ठेवते आणि पेला टेबलावर.

एकेक गुरुवार जात होता. वाकडला आम्ही एका उंच इमारतीतलं घर बघितलं. लिफ्टमध्ये एका माझ्याच वयाच्या मुलाने कानातला इअरफोन काढून काकांना अदबीने विचारलं, “अंकल, कितवा मजला?” आणि त्यांच्यासाठी बटण दाबलं. काका बाहेर आल्यावर म्हणाले, “इथं मला दिवसातून दहा वेळा कुणीतरी अंकल करणार. मला म्हातारं व्हायचं नाही म्हणून तर शोधतोय.” मावशी म्हणाली, “बटण दाबलं बिचाऱ्याने, त्यात एवढं काय!” देहूला इंद्रायणीकाठची एक जागा फार सुंदर होती. पहाटे पाण्यावर धुकं असतं, असं मालक सांगत होते. आईने तिथे हात जोडले. पण काका परतताना म्हणाले, “इथं आलो तर लोकांना वाटेल आपण सगळं सोडून आलो. मला तर अजून टेबलटेनिस शिकायचंय.”

तळेगावला मात्र त्यांच्या मनातलंच होतं. एका मजल्याची घरं, मध्ये तलाव, फिरायला गोल वाट, आणि सकाळी सहापासून रात्री आठपर्यंतचं वेळापत्रक फलकावर लावलेलं. ते दाखवणारी मुलगी काकांना ‘सर’ आणि मावशीला ‘मॅम’ म्हणत होती. आईला तिने ‘आजी’ म्हटलं. मावशीपेक्षा आई दोन वर्षांनी लहान.

“आजी नाही हो, मी तिची धाकटी बहीण,” आई हसून म्हणाली. गाडीत मागे बसल्यावर मात्र ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग मावशीला म्हणाली, “चांगलं आहे गं. पण लांब आहे.”

“लांब कुठं? तासाभराचं तर आहे.”

“मला गाडी थोडीच येते. हिला सुट्टी असेल तेव्हा हिने आणायचं.” मग जरा थांबून, “आणि ही उद्या लग्न करून गेली की?”

मी आरशातून दोघींकडे पाहिलं. माझं जाणं त्यांच्यात कधीच ठरून गेलं होतं. मी कुठे जाणार, कुणाबरोबर, हे मला माहीत नव्हतं, पण माझ्या नंतरची सोय चालली होती. त्या संध्याकाळी मी तक्त्यात तळेगावला शांततेसाठी नऊ दिले, मोशीला चार. मोशीला चार तसे खोटे नव्हते. समोर दोन नवीन इमारतींचं काम चालू आहे आणि दिवसभर खडखड असते. पण मी चार लिहिताना खडखडीचा विचार करत नव्हते.

समोरच्या फ्लॅटची किल्ली ज्यांच्याकडे होती ते दलाल मोशीचेच, जुन्या गावातले. आमची इमारत उभी आहे तिथे त्यांच्या भावकीचा ऊस होता असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. फ्लॅट दाखवायचा पुढचा गुरुवार ठरला, दुपारी बारा. सकाळी आठलाच निघून वाकडला एक शेवटची जागा बघायची, तिथून परत येताना हा, आणि मग आमच्याकडे जेवण. आईने आदल्या सोमवारीच काय करायचं ते ठरवलं. जेवणाचं नाही, बोलण्याचं. सकाळचं ऊन कुठून येतं, गॅलरीतून आमचं दार कसं दिसतं, दोन दारं उघडी ठेवली तर वारा कसा आरपार येतो. भाजी निवडता निवडता ती माझ्यावरच हे म्हणून बघत होती.

आता लाइटचं सांगायला हवं. आमच्याकडे विजेच्या देखभालीची कामंही गुरुवारीच काढतात, कारखाने बंद असतात म्हणून. दर गुरुवारी नाही, पण महिन्यातून एखाद्या तरी गुरुवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच लाइट जाते. आदल्या दिवशी मेसेज येतो. आमच्या इमारतीला जनरेटर नाही. त्याचा ठराव दरवर्षी सभेत येतो आणि दरवर्षी पुढच्या सभेवर जातो. लाइट नाही म्हणजे लिफ्ट नाही, पंप नाही. पण आधी कळलेलं असतं, त्यामुळे त्रास असा होत नाही. बुधवारी संध्याकाळी बायका पिंप भरतात, वाटण वाटून ठेवतात, ज्यांना उतरायचं ते सकाळीच उतरतात. बिल मी भरते, म्हणून नंबर माझा दिलेला आहे. मेसेज माझ्या फोनवर येतो. दर बुधवारी आई मला विचारते, “उद्या आहे का गं?” मी आहे किंवा नाही सांगते. आमच्या दोघींचं आठवड्यातलं न चुकणारं बोलणं हेच.

त्या बुधवारी मेसेज दुपारी चारला आला. मी कंपनीत होते. वाचला आणि फोन उलटा ठेवला. तेव्हा माझ्या मनात काही ठरलं होतं असं म्हणणार नाही. घरी आले तेव्हा आई मावशीशी फोनवर बोलत होती. फोन खांद्याने कानाला धरून ती गव्हाच्या कुरडया तळून बघत होती, उद्यासाठी, आणि म्हणत होती, “अगं, दार उघडलं की तू मला दिसशील. ओरडायचीसुद्धा गरज नाही.” मला बघून तिने फोनवर हात ठेवला.

“उद्या आहे का गं?”

“नाही,” मी म्हणाले. “काही आलं नाही.”

मी गृहीत धरलं होतं ते असं. आम्ही बाराला पोचू, लिफ्ट बंद असेल, काका जिने बघून तोंड वाकडं करतील, मावशी म्हणेल कशाला चढायचं, आणि दलालांना सांगून सगळे आमच्याच गाडीत बसून बाहेर जेवायला जाऊ. आई खालीच थांबेल. अशा गुडघ्यांनी ती चढणार नाही, हे मी धरून चालले होते. सगळ्या गोष्टींना दहापैकी गुण देणाऱ्या मला माझी आई किती चढेल याचा अंदाज नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा दलाल लिफ्टच्या दाराशी किल्ली फिरवत उभे होते.

“काकू, लाइट न्हाई. पाचला येतीय. काल मेसेज आला हुता की.”

आई माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. “आमच्या हिला नाही आला,” ती त्यांना म्हणाली. “येत नाही कधीकधी.”

“आसं कसं, समद्यांना येतो.”

“नाही आला तिला. आला असता तर सांगितलं असतं तिने.” आईचा आवाज थोडा चढला होता. माझ्या बाजूने ती कधी कुणाशी भांडलेली मला आठवत नाही. तशी वेळच मी आणत नाही.

“मंग ऱ्हाऊ द्या. उद्या दावतो,” दलाल म्हणाले.

मला वाटलं, संपलं. पण काका मान वर करून जिन्याकडे बघत होते. “अहो, सहाच मजले! महिनाभर ॲक्टिव्ह ॲक्टिव्ह म्हणून सगळ्यांचं डोकं खाल्लंय मी. चला.”

“दाजी म्हणतात ते खरंय,” आई लगेच म्हणाली. “आणि हे काय रोजचं आहे? आम्ही तर मुद्दाम चढतो कधीकधी. व्यायाम होतो.”

तिने पदर कमरेला खोचला आणि पहिली पायरी चढली.

दुपारीही तो जिना अंधारा असतो. प्रत्येक मजल्यावर चपलांचे ढीग, कुणाच्या फोडणीचा वास, कुठे बंद दाराआड लहान मूल रडतंय. काका आणि दलाल पुढे गेले. मावशी त्यांच्या मागे, तिचे पांढरे बूट झपझप. आई कठडा धरून, आणि मी तिच्या मागे तिची पर्स घेऊन. ती सतत बोलत होती. दुसऱ्या मजल्यावर ती मावशीला गॅलरीबद्दल सांगत होती, तिसऱ्यावर वाऱ्याबद्दल. वाक्यं लहान होत गेली. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये ती म्हणाली, “सकाळचं ऊन...” आणि पुढचं आलं नाही. चौथ्या मजल्याच्या वळणावर ती खाली बसली. पायरीवर, कुणाच्या तरी ओल्या फडक्याच्या शेजारी.

“आई?”

“काही नाही गं. जरा दम.”

मावशी पाचव्यावर पोचली होती. तिने मागे वळून बघितलं आणि ती धावत खाली आली. ती आईच्या शेजारी पायरीवरच बसली, तिच्या चपला काढल्या, साडी थोडी वर करून तिने आईच्या गुडघ्यांचे पट्टे सोडवले. गुडघे सुजलेले होते. मावशीने दोन्ही हात त्यांच्यावर ठेवले.

“इतकं दुखायलंय तर कामून सांगितलं नाहीस गं मला?”

“सांगून काय करू?”

“येडी का काय तू, बारके. येडी.”

आणि आई रडायला लागली. आवाज न करता, मावशीच्या खांद्यावर कपाळ ठेवून. मी चार पायऱ्या खाली पर्स घेऊन उभी होते. तिच्या गुडघ्यांचे एक्स-रे माझ्या फोनमध्ये होते. कुठल्या गुडघ्यात किती झीज आहे ते मला पाठ होतं. आणि खरं लिहायचं तर मला सगळ्यात आधी वाटली ती लाज नव्हती. आधी हेवा वाटला. त्या दोन हातांचा.

फ्लॅट शेवटी एकट्या काकांनी बघितला. खाली आल्यावर म्हणाले, घर छान आहे, ऊनही बरोबर येतं. मग त्यांचं लक्ष पायरीवर बसलेल्या दोघींकडे गेलं. दलाल पाणी आणायला गेले, तेव्हा काका म्हणाले, “लाइट जाते त्याचं काही नाही. मस्कतच्या आधी आपण सगळे लाइट जाणाऱ्या घरातच वाढलो. आधी कळत असेल तर माणूस तयारी करतो. पण न सांगता सवरता जायची, आणि त्याच दिवशी मला किंवा हिला काही झालं, तर सहा मजले उतरवणार कोण? भरवसा नाही, तिथे या वयात राहायचं नाही.”

“दर वेळी मेसेज येतो हो, दाजी.”

“या वेळी आला नाही ना?”

आई सुटलेले पट्टे गुंडाळत राहिली. उत्तर माझ्याकडे होतं.

पुढचे आठ दिवस मला हवं होतं तसंच सगळं झालं. मावशी-काकांचं तळेगाव पक्कं झालं. आई सकाळच्या फेऱ्या मारेनाशी झाली, ते मी गुडघ्यांवर घातलं. ती मला पुन्हा ‘टिफिन घेतलास का’ विचारायला लागली. घर पुन्हा आमच्या दोघींचं झालं आणि त्यात टीव्हीचा आवाज वाढला. बुधवारी तिने विचारलं, “उद्या आहे का गं?” मी नाही म्हणाले, आणि या वेळी ते खरं होतं. तिने तरी पिंप भरून ठेवलं, दोन्ही घागरी भरल्या. चटणी वाटून ठेवली. माझ्या फोनवर तिने अविश्वास दाखवला असं नाही. “फोनचं काय गं,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आणि काका आमच्याकडे आले. मी त्यांना तळेगावला न्यायचं, तिथे त्यांनी सह्या करायच्या, असं ठरलं होतं. आई येणार नव्हती. तिने त्यांच्यासाठी डबा भरला होता, धपाटे आणि चटणी. चहा झाल्यावर तिने आतून ती पिशवी आणली आणि मावशीच्या पुढ्यात ठेवली. निळा पोशाख, एकदाही न घातलेला.

“हा तूच ने. तिथं तलाव आहे.”

“अगं, मला होणार आहे का तो? दोन अक्का मावतील त्यात.”

दोघी हसल्या, पण आधीसारख्या नाही. मावशीने पिशवी उचलली नाही, परतही केली नाही. ती टेबलावर चहाच्या कपांमध्ये पडून राहिली. शेजारी काकांनी छापून आणलेला माझा तक्ता होता. मोशीच्या ओळीपुढे त्यांनी पेनने लिहिलं होतं, ‘लाइटचा भरवसा नाही’. त्यांच्या अक्षरात ते फार अधिकृत दिसत होतं.

“माझ्या गुडघ्यांनीच घोळ केला सगळा,” आई म्हणाली. “त्या दिवशी मी बसले नसते, तर तू समोर आली असतीस. मला वाटलं, चढेन मी. सहाच तर मजले.”

“तुझ्या गुडघ्यांचा काय संबंध? लाइट काय तू घालवलीस?” मावशी म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी चावी हातात घेऊन दाराशी उभी होते, कायम उभी असते तिथेच. “आणि तुला काय गं कमी आहे? तुझ्याजवळ ही आहे. दोन महिने बघतेय मी, गाडी चालवते, दवाखान्याचं बघते, एक शब्द बोलत नाही. माझा पोरगा मी चार ओळी लिहिल्या की आंगठा पाठवतो. नुसता आंगठा. बारके, तुझा हेवा वाटतो बघ मला.”

ती हे चेष्टेत म्हणाली, पण तिने नजर लगेच कपाकडे वळवली, आणि मला कळलं की चेष्टा नव्हती. एवढे दिवस मी तिचे बूट बघत होते, केस बघत होते, आईच्या पाठीवरचा हात बघत होते. ती माझ्याकडे बघत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“हो, गुणाची आहे,” आई म्हणाली. ती उठली आणि माझ्याजवळ आली. तिचा हात माझ्या खांद्याजवळ आला आणि तिथे काय करावं ते न कळल्यासारखा क्षणभर थांबला, मग तिने माझ्या ओढणीचा दोरा काढल्यासारखं केलं. “त्या दिवसापासून तोंड उतरलंय हिचं. मी म्हटलं तिला, तू कामून मनाला लावून घ्यायलीस? मेसेजच आला नाही तर तू तरी काय करणार?”

ते तिने मला म्हटलंच नव्हतं. बहुधा मनात म्हटलं असेल, कितीतरी वेळा. पण आता ती ते मावशीच्या बोलीत म्हणाली होती, आणि माझ्याकडे बघून म्हणाली होती. कामून. तिच्या तोंडून माझ्यासाठी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

काका कागद गोळा करत उठले. “चला, उशीर होतोय. अकराची वेळ दिलीय.” मावशीने डबा उचलला. समोरच्या फ्लॅटचं दार आमच्या उघड्या दारातून दिसत होतं, त्याच्या कडीला कुणीतरी जुनं वर्तमानपत्र अडकवलेलं. मी चावी टेबलावर ठेवली, त्या निळ्या पिशवीशेजारी. तिचा आवाज झाला म्हणून तिघांनीही माझ्याकडे बघितलं.

“आई,” मी म्हणाले, “मेसेज आला होता. बुधवारी, चार वाजता. मी तुला सांगितलं नाही.”